झेंडूचा हार आणि गाडीचा पंखा

"आणि हा दोरा? हा कुठनं आला मग? गाडीनं काय गजरा माळला होता?"

"अक्का, तुझ्या जिभेला काय हाड हाय का न्हाई? मागं पोर ऐकतीय."

"ऐकू दे की! बापानं भर घाटात गाडी का उभी केली, ते तिलाबी कळू दे."

"मी न्हाई उभी केली. पंखा थांबला म्हणून उभी राहिली. आन् पंखा काल तू दुरुस्त केला व्हतास, मी न्हाई!"

सकाळचे आठ वाजले होते. घाटाच्या सहाव्या वळणावर, डोंगराच्या कुशीला चिकटून एक जुनी गाडी उभी होती. चहूकडे धुकं इतकं दाट, की दरी कुठल्या बाजूला आहे हे फक्त वाऱ्यावरून कळत होतं. गाडीत तीन माणसं होती. पुढं केरबा ढेबे, गाडीचा मालक. त्याच्या डाव्या हाताला हौसाक्का, वय पासष्टाच्या पुढं, हातात पक्कड आणि पकडीच्या तोंडात एक पिवळा, ओला दोरा. मागच्या बाकावर केरबाची लेक सुगंधा, कळा देणारी.

मधूनच ऐकलं तर भांडणारे दोघेही खरे वाटतात. म्हणून थोडं मागं जायला हवं.

त्या घाटाच्या माथ्यावर उंबरमाची नावाचं गाव. गावात चारचाकी एकच, ती केरबाची. ती त्याच्या बापानं, भागोजीनं, जुनीच विकत घेतली होती. भागोजीनं सोळा वर्षं चालवली, तो गेल्यावर केरबानं नऊ वर्षं. गावातल्या निम्म्या वराती त्या गाडीतून निघाल्या होत्या. आजारी माणूस त्याच गाडीतून घाट उतरायचा आणि बरा होऊन त्याच गाडीतून चढायचा. केरबा तिला गाडी म्हणायचा नाही, लक्ष्मी म्हणायचा.

केरबा लबाड नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. त्याची भक्ती खरी होती. दसऱ्याला तो गाडीला झेंडूचा हातभर जाड हार घाली, दर पुनवेला लहान हार, वर हळदी-कुंकू, वर मूठभर अक्षता. आता जुन्या गाडीला काचेच्या पायथ्याशी, बॉनेटच्या वरच्या कडेला, बारीक फटींची एक ओळ असते. तिथून गाडी बाहेरची हवा आत ओढते. ती गाडीची नाकपुडी. केरबाला हे ठाऊक नव्हतं. हार ठेवायला त्याला तेवढीच सपाट जागा सापडे. नऊ वर्षं तो नेमानं, डोळे मिटून, हात जोडून, त्या नाकपुडीत फुलं भरत होता.

त्या साली पौषात गाडीचा हवेचा पंखा बंद पडला.

पंखा म्हणजे चैन, असं खालच्या मुलखातल्या माणसाला वाटेल. घाटात तसं नाही. काचेवर बाहेरून बसलेलं धुकं वायपर पुसतो. पण गाडीत बसलेल्या माणसांचा श्वास काचेला आतून बसतो, आणि तो पुसायला हाच एक पंखा. इंजिनाच्या गरम पाण्याची ऊब घेऊन तो काचेवर फुंकर घालतो. ती फुंकर थांबली, की माणूस आपल्याच श्वासानं आंधळा होतो.

केरबानं सगळे उपाय करून पाहिले. काचेला तंबाखू चोळली. बटाटा चोळला. एका हातात गमछा आणि एका हातात चाक, असं चालवून पाहिलं. मान खिडकीबाहेर काढून चालवलं, तर कानात वारं भरलं. आठ दिवसांपूर्वी चौथ्या वळणावर कठड्याचा दगड गाडीच्या अंगाला घासत गेला. तो ओरखडा त्यानं चिखल फासून झाकला आणि कुणाला सांगितलं नाही.

पण सुगंधा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. पोटातलं मूल पायाळू. तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "कळा सुरू झाल्या की सरळ इकडं आणायचं. एक तास उशीर चालणार नाही." आणि घाट उतरायलाच दीड तास. सुगंधाला आई नव्हती. बाप होता, आणि बापाची ती आंधळी गाडी होती.

म्हणून केरबा मुकाट्यानं हौसाक्काच्या दारात गेला.

हौसाक्का मोटारी भरायची, म्हणजे जळलेल्या मोटारीत नवी तार गुंडाळायची. विहिरीचे पंप, गिरणीच्या मोटारी, मिक्सर, काय वाटेल ते. शिकवलं कुणी नव्हतं. नवरा गेला तेव्हा घरात एक जळकी मोटर पडून होती. तिनं ती उलगडली. तारेचा एक वेढा सुटला की एक चिंचोका बाजूला टाकायची. सगळी तार सुटली तेव्हा जेवढे चिंचोके, तेवढे वेढे नवी तार घेऊन परत भरले, आणि मोटर फिरली. तेव्हापासून तिला कुणी शिकवायला गेलं की ती म्हणे, "आधी चिंचोके मोजून ये."

ती आली, गाडीत डोकावली, नाकानं दोनदा वास घेतला आणि म्हणाली, "कॉइल जळलीय. लाव पैज."

"बघायच्या आधीच?"

"बघायला डोळे लागत्यात, वास घ्यायला अक्कल लागती. झाकण काढ."

इथं केरबा अडला. "चालत्या गाडीचं पोट फाडायचं न्हाई, अक्का. लक्ष्मी हाय ती. वरनं काय करायचं ते कर."

"वरनं? बरं. तू डॉक्टरीणबाईला बी सांग, बाई, पोरीचं बाळंतपण वरनंच करा."

सुगंधा ओट्यावर बसून हसली, आणि हसता हसता पोटाला हात लावून थांबली. केरबानं ते पाहिलं. त्यानं स्क्रू फिरवायचं हत्यार अक्काच्या हातात दिलं.

डाव्या बाजूच्या सीटसमोर, पाय ठेवतो तिथं वरच्या अंगाला, एक पत्र्याची पेटी होती. पेटीला खालून झाकण, झाकणाला चार स्क्रू. तीन सहज निघाले. चौथ्याला गंज होता. हौसाक्कानं त्यावर गोडेतेलाचा थेंब सोडला, त्याला चार शिव्या दिल्या आणि तोही निघाला.

झाकण खाली आलं आणि त्याच्यासोबत एक ढेपच्या ढेप हौसाक्काच्या मांडीवर पडली.

ती ढेप म्हणजे फुलं होती. वरचा थर अजून पिवळा, त्याखालचा तपकिरी, त्याखालचा काळा, त्याखालचा तर मातीच. झाडाच्या बुंध्यात वर्षं दिसतात तशी त्यात वर्षं दिसत होती. नऊ दसरे एकावर एक बसले होते. मधोमध उंदरानं घर केलं होतं. हारांचे दोरे, सीटमधला कापूस, आणि भिंतीला लावल्यासारखे हळदीचे तांदूळ. इतकी नीट राहती जागा, की क्षणभर हौसाक्कालाही ती मोडवेना.

"उंदीर बरा संसारी दिसतोय," ती म्हणाली. मग दोन्ही हातांनी सगळं काढलं आणि पंखा बाहेर घेतला.

केरबानं तो पंखा आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. त्याला वाटलं होतं, छताला असतो तसा असेल. हे तर वीतभर रुंदीचं एक चाक होतं. चाकाला गोल कडेनं बारीक पत्र्याची उभी पाती, एकाशेजारी एक, चाळीसपन्नास तरी. कुणी तरी फुलाच्या पाकळ्या लोखंडातून कापल्या असाव्यात, असं. सगळ्या पाकळ्या एकाच बाजूला किंचित झुकलेल्या. नऊ वर्षं आपण फूल वाहत होतो, आणि आत एक फूल आधीपासूनच होतं, असं काहीतरी त्याच्या मनात आलं.

हौसाक्कानं मोटर उघडली, उजेडात धरली आणि बराच वेळ बघत राहिली. आतली तांब्याची तार नव्या नथीसारखी चमकत होती.

"कॉइल ठणठणीत हाय," ती म्हणाली. "म्या चुकले."

केरबाला वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही. "काय?"

"म्या चुकले. आता काय दवंडी देऊ? माझी चूक म्या तोंडानं बोलते. बोलली की ती माझ्याजवळ राहत न्हाई. न्हाई बोललं तर मुक्कामाला राहती."

मग ती कामाला लागली. चाक ज्यावर फिरतं तो धुरा मातीनं धरला होता, तो तिनं सोडवून घासला. मोटरीच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारा एक कार्बन झिजून संपला होता. तिनं मिक्सरचा जुना कार्बन घेतला, सहाणेवर पाणी न घालता घासला, बसवून पाहिला, पुन्हा घासला. अकरा वेळा बसवला, अकरा वेळा काढला. बाराव्या वेळी तो असा बसला, की जणू तिथंच जन्मला होता. मग दोन तारा गाडीच्या बॅटरीला लावल्या.

चाक हललं. थांबलं. पुन्हा हललं. आणि मग एकदम पाती दिसेनाशी झाली. नुसता एक राखाडी उजेड गोल गोल उभा राहिला, आणि त्यातून वारा आला. ओट्यावर बसलेल्या सुगंधाच्या कपाळावरचे केस मागं उडाले. तिनं डोळे मिटले.

"आबा," ती म्हणाली, "गाडीनं श्वास सोडला."

ते चाक फिरताना बघून, देव्हाऱ्यात निरांजन लावल्यावर माणसाचं होतं तसं तिघांचं झालं होतं.

एवढ्यावर सगळं गोड झालं असतं. पण हौसाक्काला खरं बोलल्याशिवाय जेवण जात नसे.

"केरबा, हे तुझ्या हारानं झालं. फुलं आत गेली, पानी तुंबलं, तांदळासाठी उंदीर आला. उद्या तालुक्याला जाळी मिळंल, ती फटींवर ठोकू. तवर गाडीवर एक फूल ठेवायचं न्हाई."

केरबाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "म्हंजे माझी पूजा वाईट?"

"पूजेला न्हाई म्हणत. जागेला म्हणते."

"माझ्या बापानं ह्याच जागी सोळा वर्षं हीच फुलं वाहिली! तवा कसा पंखा थांबला न्हाई? सांग की! सोळा वर्षं, अक्का!"

हिशेब बरोबर होता. सोळा दसरे गिळून जो पंखा फिरत राहिला, तो पुढच्या नऊ दसऱ्यांनी का मेला?

"ते मला ठावं न्हाई," ती म्हणाली. मग चिखलानं बरबटलेलं पेटीचं झाकण तिनं त्याच्यापुढं धरलं. "ठावं हाय ते एवढंच. हे झाकण सोडा लावून घासून आण. हा चिकल वाळला की उडून परत पंख्यात जाईल."

गाडीच्या मालकाला झाकण घासायला सांगणं! केरबा ते घेऊन तरातरा मागल्या दारी गेला, दगडावर दोनदा आपटलं आणि आणून दिलं. मोठी ढेकळं पडली होती. आतला थर तसाच होता. अंधारून आलं होतं, पंखा पेटीत बसवून झाकण लावताना अक्काच्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला सुगंधाला कळा सुरू झाल्या.

अशा वेळी माणूस त्याला जे येतं तेच करतो. केरबानं रात्रीच ओवून ठेवलेला हार काढला, गाडीच्या काचेखाली नेहमीच्या जागी ठेवला, अक्षता वाहिल्या आणि डोळे मिटले. "आई, पोरीला सांभाळ." तेवढ्यात बोळाच्या तोंडाशी हौसाक्काचा खोकला ऐकू आला. ती सोबतीला निघाली होती, काखेत कपड्यांचं बोचकं आणि पिशवीत हत्यारं. केरबानं घाईनं हार ओढला. फटीच्या कडेला अडकून दोरा तुटला. निम्मी फुलं त्याच्या हातात आली. निम्मी, दोऱ्यासकट, आत गेली. हातातली त्यानं सीटखाली सारली.

"फूल वाहिलंस?" बसता बसता हौसाक्कानं विचारलं.

"न्हाई," केरबा म्हणाला.

गाडी निघाली. पंखा सुरू झाला. काय सांगावं! बाहेर जग पांढरं होतं आणि काचेवर मात्र श्वासाचा ठिपका नव्हता. पहिलं वळण, दुसरं, तिसरं. कठड्याचा एकेक दगड वेगळा दिसत होता. चौथ्या वळणावरचा तो घासलेला दगडही दिसला, आणि केरबानं नजर दुसरीकडं वळवली. पाचवं वळण. मग पेटीतून 'घर्र' आवाज आला. मग गरम वास. मग नुसतं गुणगुणणं.

"बटण बंद कर!" हौसाक्का ओरडली. "मोटर जळंल!"

केरबानं बंद केलं. काच खालच्या कडेनं पांढरी व्हायला लागली. ते पांढरं वर चढत गेलं, दूध उतू येतं तसं. पाच श्वासांत समोरचा रस्ता गेला, आणि सहाव्या श्वासाला त्यानं गाडी डोंगराच्या अंगाला दाबून उभी केली. हौसाक्का गुडघ्यावर बसली, चार स्क्रू काढले, झाकण बाजूला ठेवलं, पक्कड आत घातली. पंख्याच्या धुऱ्याला गरगर गुंडाळलेला हाराचा दोरा पकडीच्या तोंडात बाहेर आला.

गोष्ट सुरू झाली ती इथं.

"पंखा म्या दुरुस्त केला, हे खरं," हौसाक्का म्हणाली. "आन् सकाळी त्यात हार कुणी घातला? उंदरानं? त्यानं सकाळी अंघोळ करून पूजा मांडली?"

"पोरीसाठी केलं! आईबिगर पोर हाय ती. देवाला हात न जोडता निघू?"

"हात जोड की! हातातली फुलं दुसरीकडं टाक, मग जोड!"

"माझा बाप सोळा वर्षं..."

"आता तुझ्या बापाला ह्या घाटात आणू नगंस!"

"आणणार! सोळा वर्षं त्यानं ह्याच जागी हार घातला. एक दिस पंखा थांबला न्हाई. तुला ह्याचं उत्तर देता येत न्हाई, म्हणून तू वराडतीस. तुझ्या हाताला गुण न्हाई, अक्का. माझ्या फुलांना नावं ठेवू नगंस!"

हे हौसाक्काला लागलं. तिच्या हाताला कुणी कधी नावं ठेवली नव्हती. ती उलटून बोलणार, तोच मागून आवाज आला.

"आबा, अक्का, तुमचं चालू द्या. म्या पोटातल्याला सांगते, बाबा, मोठी माणसं भांडत्यात, जरा दम खा." आणि मग सुगंधानं दात ओठांवर दाबले. बाकाची कड तिनं इतकी घट्ट धरली, की रेक्झिन कर्रकन फाटलं.

धुकं काचेला टेकून उभं होतं.

हौसाक्कानं पायाशी पडलेलं झाकण उचललं आणि केरबाच्या मांडीवर ठेवलं. त्यावरचा चिखल तिला आता दिवसाच्या उजेडात दिसला होता. "हे घे," ती म्हणाली. ओरडली नाही. "म्या उरलेला दोरा काढते. तू हे पूस. ह्या टायमाला खरंच पूस."

केरबानं खिडकीबाहेर हात काढून गमछा दवानं ओला केला आणि पुसायला लागला. एकदा, दोनदा. चिखल मऊ झाला. तिसऱ्या हातासरशी आतला पत्रा दिसला. पत्र्यावर काहीतरी होतं. त्याला वाटलं, गंज. त्यानं जोर लावला.

खिळ्यानं कोरलेली अक्षरं होती. वाकडी, मोठी, दुसरी पास माणसाची. 'नवमी.' आणि त्याखाली उभ्या रेघा. एकीशेजारी एक.

केरबानं बोट ठेवून मोजल्या. सोळा. पहिल्या पंधरा खोल आणि सरळ होत्या. सोळावी उथळ होती, मधेच थरथरली होती आणि खालपर्यंत पोचलीच नव्हती. त्या वर्षी भागोजीला धाप लागायची. पुढच्या होळीला तो गेला.

केरबाचा हात थांबला. त्याला खंडेनवमीची सकाळ आठवली. गावात जो तो आपापली हत्यारं घासून, धुऊन, पुसून ठेवायचा. त्याचा बाप म्हणायचा, "केरबा, खालच्या वाडीला जा, उद्याच्या हाराला झेंडू घेऊन ये." खालची वाडी दोन तासांवर. पोरगा झेंडू घेऊन परत यायचा तेव्हा बाप गाडीच्या डाव्या दारातून उताणा सरकत बाहेर निघत असायचा. कोपरापर्यंत काळा हात, केसांत माती, शेजारी बादली. पोराला वाटायचं, बापानं गाडी धुतली. दसऱ्याचा हार, नारळ, गुलाल, हे सगळं पोराला नीट आठवत होतं, कारण ते सगळ्या गावासमोर व्हायचं. नवमीचं कुणीच पाहिलं नव्हतं. या चार स्क्रूंच्या झाकणानं तेवढं पाहिलं होतं.

सोळा वर्षं. शेवटच्या वर्षी तर धाप लागलेली असताना, सीटसमोर आडवं होऊन.

केरबानं झाकण असं धरलं होतं, जसं देवाचा टाक धरतात. डोंगरावर, धुक्यात, उभ्या गाडीत, त्याला बापाच्या हाताचा घाम पत्र्यावर लागतोय असं वाटलं. त्यानं झाकण हौसाक्कासमोर केलं. हौसाक्कानं अक्षरं वाचली, रेघांवरून अंगठा फिरवला, शेवटच्या रेघेवर थांबली. ती चाळीस वर्षं मोटारी उघडत होती. दुसऱ्यानं आत केलेलं काम तिला ओळखू येई. तिनं पदर सावरला आणि त्या पत्र्याला कपाळ लावलं. मग केरबाकडं वळून ती एकच वाक्य बोलली.

त्या वाक्यावर भांडण संपलं. केरबानं सीटखाली हात घातला, सकाळचा तुटका हार बाहेर काढला आणि तिच्या हातात दिला. "म्या ठेवला होता," तो म्हणाला. "तुला खोटं बोललो. आन् चौथ्या वळणावर आठ दिसांमागं गाडी घासली, ते बी कुणाला सांगितलं न्हाई." मग बाही कोपरापर्यंत सारून त्यानं स्वतः पेटीत हात घातला. पाकळी पाकळी, दाणा दाणा काढला. हौसाक्का टॉर्च धरून बसली. शेवटचा तांदूळ निघाल्यावर तिनं चाक बोटानं फिरवलं. ते गार वाऱ्यासारखं हलकं फिरलं. मोटर जळायच्या आधी बंद झाली होती. वाचली होती.

केरबानं झाकण बसवलं. रेघांची बाजू आत.

बटण दाबलं. आधी नुसती गुणगुण आली. मग काचेच्या खालच्या कडेला, तळहाताएवढी, एक काळी खिडकी उघडली. तिच्यात रस्त्याचा एक तुकडा होता. खिडकी मोठी झाली. कठड्याचे दगड आले. मग वळणावरचं करवंदीचं जाळं आलं, त्याच्या प्रत्येक पानावर पाणी. मग खाली, खूप खाली, धुक्याला पडलेल्या भोकातून दरी आणि दरीतली वाडी आणि वाडीतला एक धूर. केरबा त्या रस्त्यानं पंचवीस वर्षं जात येत होता. त्याला वाटलं, आपण आज पहिल्यांदा उतरतोय.

तालुक्याला पोचले तेव्हा डॉक्टरीणबाई दारातच उभ्या होत्या. दुपारी सुगंधाला मुलगी झाली. पायाळूच. पाय आधी टेकवून आली. हौसाक्का म्हणाली, "बरोबर हाय. बाईच्या जातीनं आधी जमीन बघून घ्यावी."

जाळी आणली, फटींवर ठोकली. पुढच्या दसऱ्यालाही गाडीला झेंडूचा हार पडला, पहिल्याइतकाच जाड. पण आदल्या दिवशी, खंडेनवमीला, केरबा बादली घेऊन डाव्या सीटसमोर आडवा झाला. झाकण काढलं, घासलं, पंखा धुतला, धुऱ्याला तेल दिलं. मग खिळा घेतला. बापाच्या थरथरत्या रेघेच्या लगोलग त्यानं रेघ मारली नाही. मधे नऊ रेघांची जागा मोकळी सोडली, आणि त्यापुढं आपली पहिली रेघ ओढली. ती मोकळी जागा अजून त्या झाकणावर आहे.

उंबरमाचीतली माणसं सुगंधाला अजून विचारतात, दोन एवढी हट्टी माणसं, भर घाटात, आणि भांडण एका वाक्यात मिटलं? असं म्हणाली तरी काय हौसाक्का? तेव्हा मागच्या बाकावरून जे ऐकलं ते सुगंधा जसंच्या तसं सांगते:

"केरबा, तुझा बाप नवमीला आत हात घालायचा, मग दसऱ्याला वर फूल वाहायचा, तू निस्ता दसराच उचललास."

तात्पर्य: हार घालायला सगळेच पुढं होतात; पण ज्याच्या जिवावर आपण चालतो, त्याच्या आतली घाण जो कुणी बघत नसताना आपल्या हातानं काढतो, त्याचीच पूजा पुरी होते.